लेकीला प्रचाराच्या कामाला पाठवू का?

भांडुपहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी एसवाय बीएला आहे, पॉलिटिकल सायन्स आणि इकॉनॉमिक्स घेतलंय. ओळखीतले एकजण आमदारकीला उभे आहेत, त्यांच्या ऑफिसमधून तिला विचारलंय की रविवारच्या सभेला व्हॉलंटियर म्हणून ये, आणि पुढच्या आठवड्यात अंधेरीच्या एका हॉटेलात निधीसाठी जेवण ठेवलंय, तिथेही 'पाहुण्यांचं बघायला मुली हव्यात'. मुलीला जायचंय, सीव्हीला बरं दिसेल म्हणते. बाबा पालिकेत नोकरीला आहेत, ते म्हणतात एकदा राजकारणाचा शिक्का बसला की पुढे सरकारी नोकरी विसरा. आणि ताई या दोघांच्या मधे.

ताई, नमस्कार. पाठवा तिला. मुलगी राज्यशास्त्र शिकतेय आणि निवडणूक दारात आलीय, अशा वेळी घरात बसून नोट्स काढण्यापेक्षा ती प्रत्यक्ष बघू दे. फक्त सभा आणि जेवण एकाच मापाने मोजू नका. सभेत फार तर घसा बसेल, पाय दुखतील, पण जेवणाच्या कार्यक्रमात पैसा असतो, शिकायलाही तिथेच जास्त मिळतं आणि माणूस अडकतोही तिथेच.

आधी बाबांच्या भीतीचं बोलू, कारण निवडणुका आल्या की ही भीती मला कुठल्या ना कुठल्या घरातून ऐकायला मिळतेच. नोकरीत असताना पक्षाचं काम करता येत नाही हे खरंय, बाबांना तर ते पाठच असेल. पण नोकरी लागायच्या आधी कुणी प्रचारात काम केलं होतं, एवढ्यावरून त्याला नोकरी नाकारता येत नाही. 1983 मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाच्या केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय, जुन्या राजकीय संबंधांचा पोलीस रिपोर्ट आला म्हणून त्याला कामावरून काढलं होतं आणि कोर्टाने ते मान्य केलं नाही. नोकरी खरी अडते ती गुन्हा दाखल झाला की. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये अटक झाली होती का, केस चालू आहे का, हे विचारतात. आणि प्रचारात पोरांवर केस होते ती कशामुळे, तर परवानगी नसताना काढलेली बाईक रॅली, रात्री दहानंतर चालू ठेवलेला स्पीकर, समोरच्या पक्षाच्या पोरांशी नाक्यावर झालेली बाचाबाची, नाहीतर कुणीतरी पाठवलेला खोटा मेसेज स्वतःच्या नंबरवरून पन्नास ग्रुपवर टाकणं. मुलीला हे आधीच बसवून सांगा, पुढे कुणी दादा-भाऊ कितीही आग्रह करू दे. आणि बाबांनीही एक पाळावं, तिला आणायला गेले तर मंडपाबाहेर थांबावं आणि त्यांच्या नावावरची स्कूटर झेंडा लावून फिरायला देऊ नये. मुलगी सज्ञान आहे, तिचं काम तिचं, त्यांच्या नोकरीचे नियम त्यांच्यापुरते.

आता सभा. व्हॉलंटियर म्हणून गेलेल्या मुलांना बहुतेक वेळा गळ्यात उपरणं घालून पुढच्या रांगांमध्ये उभं करतात, घोषणा द्यायच्या, सेल्फी काढायचे, वडापाव खायचा आणि घरी. यातून फोटो मिळतो, काम शिकायला मिळत नाही. तिने स्वतःहून सांगायचं की मला हिशोब बघणाऱ्या माणसाबरोबर बसवा. मी हे मुद्दाम सांगतोय कारण निवडणुकीचं हे अंग मुलांना कोणी दाखवतच नाही. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांच्या वर खर्च करता येत नाही, 2022 पासून ही मर्यादा आहे, आणि सभेतली खुर्ची न् खुर्ची त्यात धरली जाते. निवडणूक आयोगाची व्हिडिओ टीम सभेत फिरते, स्टेज केवढं, खुर्च्या किती, गाड्या किती, झेंडे-बॅनर किती हे सगळं शूट करते आणि मग जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाप्रमाणे त्याचा खर्च आयोगाच्या रजिस्टरला लागतो. इकडे उमेदवाराचंही स्वतःचं रजिस्टर असतं, रोजच्या खर्चाची पानं पांढरी, कॅशची गुलाबी, बँकेची पिवळी, आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशोब सादर करावा लागतो, नाही केला तर तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतात. समजा मंडपवाल्याचं चलन 800 खुर्च्यांचं आहे आणि कॅमेऱ्यात 1200 दिसतायत, तर त्या 400 खुर्च्या कुठून आल्या याचं उत्तर उमेदवाराच्या माणसाला द्यावं लागतं, मग साउंडवाला, पाण्याचे बॉक्स, जनरेटरचं डिझेल, सगळ्यांची बिलं घेऊन तो सभा संपल्यावर बसलेला असतो. त्या माणसाच्या शेजारी तुमची मुलगी दोन तास बसली आणि बिलं तारखेप्रमाणे लावून दिली तरी तिला पब्लिक फायनान्स आणि निवडणूक कायदा एकदम कळायला लागेल.

जेवणाचं मात्र नीट विचारून घ्या. 'पाहुण्यांचं बघायला मुली हव्यात' हे वाक्य मला अजिबात आवडलेलं नाही. बघायचं म्हणजे नक्की काय हे ऑफिसला स्पष्ट विचारा, व्हॉट्सअपवर लिहून मागा. दारात नटून उभं राहणं, टेबलाटेबलावर जाऊन मोठ्या लोकांशी गप्पा मारत बसणं असं काही असेल तर सरळ नाही म्हणा, ओळखीतले असले तरी. नोंदणीच्या टेबलावर बसणार असेल तर आनंदाने जाऊ दे. तिथे यादीतलं नाव शोधायचं, टेबल नंबर द्यायचा, यादीत नाव नसलेला माणूस चिडलेला असतो त्याला शांतपणे बाजूला घ्यायचं, 'साहेब आमच्या टेबलावर कधी येणार' याला नीट उत्तर द्यायचं, हे काम जिला जमलं तिला पुढे कुठल्याही कॉन्फरन्समध्ये, कॉर्पोरेट इव्हेंटमध्ये किंवा मंत्रालयातल्या बैठकीतही भीती वाटणार नाही.

पैसे भरून उमेदवाराबरोबर जेवायची पद्धत आपल्याकडे तशी अजून रुळलेली नाही, 2014 मध्ये आम आदमी पक्षाने नागपुरात माणशी 10 हजारांचं जेवण ठेवलं तेव्हा त्याची बातमी झाली होती. मला स्वतःला ही पद्धत चांगली वाटते, पावती फाडून उघडपणे पैसे घेतले तर निदान कोणी दिले ते कळतं. पण मग पावतीचं काम चोख हवं, आणि म्हणूनच तिला काही गोष्टी माहीत असायला हव्यात. चेक किंवा यूपीआय कुणाच्या नावाने घेतायत, पक्षाच्या की उमेदवाराच्या निवडणूक खात्याच्या, हे तिने पहिल्यांदा विचारायचं. पक्षाला आयकरातली सूट टिकवायची तर 2 हजारांच्या वरची देणगी कॅशमध्ये घेता येत नाही, आणि वर्षात एकाच माणसाकडून 20 हजारांच्या वर आले तर ते निवडणूक आयोगाला कळवावं लागतं, म्हणून पावतीवर नाव, पत्ता, पॅन बरोबर हवा. देणाऱ्याला टॅक्समध्ये सवलत मिळते ती पक्षाला दिलेल्या पैशावर, तीही कॅश नसेल आणि त्याने जुनी कररचना घेतली असेल तर, उमेदवाराच्या खात्यात दिलेल्यावर नाही. त्यामुळे 'सर, टॅक्स वाचेल' असं तिने कुणालाही म्हणायचं नाही, कुणी विचारलं तर हिशोबवाल्याकडे पाठवायचं. खोट्या राजकीय देणग्या दाखवून टॅक्स वाचवणाऱ्यांच्या मागे आयकर विभाग लागलेलाच आहे.

आणि कॅशला हात लावायचा नाही. कुणी पाकीट पुढे केलं, कुणी म्हणालं 'बेटा ही बॅग जरा जाताना ऑफिसवर सोड', तर नाही म्हणजे नाही. आचारसंहितेत नाक्यानाक्यावर तपासणी पथकं असतात, उमेदवाराच्या किंवा कार्यकर्त्यांच्या गाडीत 50 हजारांच्या वर कॅश सापडली तर ती जप्त होऊ शकते, आणि त्या वेळी गाडीत कोण बसलंय हेच पोलीस बघणार, बॅग कोणाची हे नंतर. पाहुण्यांची नाव-नंबरांची यादीही स्वतःच्या मोबाईलवर ठेवायची नाही, ऑफिसच्या लॅपटॉपवरच काम करायचं. घरी यायचं आधीच ठरवा. असे कार्यक्रम लांबतात, अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून स्लो लोकल हे रात्री अकरानंतर एकटीने नको, ऑफिसने दुसऱ्या एखाद्या मुलीबरोबर गाडी द्यावी, नाहीतर तिने साडेनऊला निघावं, पाहुणे तोपर्यंत बसलेले असतात आणि नोंदणीचं काम संपलेलं असतं.

पुढचं म्हणाल तर या क्षेत्रात आता बऱ्यापैकी वाटा आहेत. दिल्लीला पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची लॅम्प फेलोशिप आहे, पदवीनंतर एका खासदाराबरोबर संसदेचं काम करायला मिळतं, खासदार सगळ्या पक्षांचे असतात, त्यामुळे आज एका पक्षाकडे काम केलं म्हणून ते दार बंद होत नाही. आपल्याकडे मुख्यमंत्री फेलोशिप आहे, तिथे 21 ते 26 वय, पदवीला 60 टक्के आणि वर्षभराचा अनुभव मागतात, सभेच्या दोन संध्याकाळी त्यात धरणार नाहीत, म्हणून टीवायनंतर एक वर्ष कुठेतरी नीट काम करायची तयारी ठेवा. मुंबईत प्रजा फाउंडेशन नगरसेवक आणि आमदारांच्या कामाचे रिपोर्ट काढते, तिथे इंटर्नशिपचं विचारून बघा. एमए करायचं असेल तर कलिन्याला विद्यापीठाचा सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स विभाग आहेच. मला विचाराल तर तिने आधी प्रजासारख्या ठिकाणी आकड्यांचं काम करावं, प्रचारात माणसं कळतात पण तिथे आपण एका बाजूचे असतो, दुसरी बाजू तपासायची सवय लागायला हवी.

सीव्हीवर 'अमुक पक्षाची कार्यकर्ती' एवढंच लिहिलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. 'विधानसभा निवडणूक, सभेच्या खर्चाच्या बिलांची वर्गवारी, निधी कार्यक्रमात पाहुण्यांची नोंदणी' असं काम लिहायचं, पाहुणे किती होते तो खरा आकडा टाकायचा आणि पक्षाचं नाव इंटरव्ह्यूमध्ये विचारलं तर न लपवता सांगायचं. कामाचं पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट, मतमोजणीच्या आधी घ्या. निकाल लागला की जिंकलेल्यांना वेळ नसतो आणि हरलेल्यांचं ऑफिस दोन दिवसांत रिकामं होतं, मग मुलं पत्रासाठी महिनाभर फोन करत बसतात आणि कोणी उचलत नाही. रविवारी सभेला गेली की तिथेच ऑफिस सांभाळणाऱ्याला सांगून ठेवायचं, मला शेवटी पत्र लागेल, आणि पत्रात काय हवं ते तिने स्वतः टाइप करून द्यायचं.