कासवाच्या टाकीतलं पाणी दुसऱ्याच दिवशी गढूळ होतं, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन फुटी काचेच्या टाकीत दोन लहान कासवं आहेत. दर दोन दिवसांनी सगळं पाणी काढून टाकता, काचा घासता, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली लख्ख धुता. तरी दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं आणि वास मारायला लागतो. आणि तुरटी फिरवली तर चालेल का, असं विचारलंय.

आधी तुरटीचं. नका फिरवू. तुरटीनं तरंगणारे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. पावसाळ्यात नदीचं लाल पाणी घरी यायचं तेव्हा म्हणूनच तुरटी फिरवायचे, कुठे कुठे माठाला आतून निवळीचं बी घासायचे. पण तिथे गाळ खाली बसला की वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं असतं. कासवाला त्या गाळातच राहायचं आहे, आणि चार पाय मारले की तो पुन्हा वर येणार. शिवाय तुरटीनं पाणी आम्लधर्मी होत जातं. आणि कासवाला खरं बाधतं ते अमोनिया. तो पाण्यात विरघळलेला असतो, तुरटीनं तो खाली बसत नाही. म्हणजे पाणी दिसायला छान होईल आणि कासव मात्र त्याच अमोनियात पोहत राहील.

आता खरं कारण. तुम्ही फार धुताय. माझ्याकडे सात वर्षं रेड इअर स्लायडर जातीचं कासव आहे, मादी, नाव चिमी. पहिले सहा-सात महिने मीही हेच करत होते, कारण दुकानदारानं तसंच सांगितलं होतं. रोज संध्याकाळी अर्धा तास घासायचं, आणि सकाळी पाणी पुन्हा ताकासारखं. चिमीचे डोळे सुजले, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फिल्टर कशानं धुता?" मी सांगितलं, नळाच्या पाण्यानं, ब्रश लावून. मग त्यांनी मला जे समजावलं तेच तुम्हाला सांगते.

कासवाच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक. नायट्रेट त्या मानानं खूप सौम्य, थोडं पाणी बदललं की कमी होतं. हे कामाचे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजवर, दगडांवर, काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. त्यांची वाढ फार सावकाश, दुप्पट व्हायला जवळपास अख्खा दिवस जातो. म्हणून नव्या टाकीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, ते यांनाही मारतं. तुम्ही दर दोन दिवसांनी त्यांना धुऊन काढता आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

तो दुधाळपणा दुसऱ्याच जिवाणूंचा. उरलेल्या खाण्यावर जगणारे जिवाणू काही तासांत भरमसाट वाढतात आणि पाण्यात तरंगत राहतात. त्यांना कोणी स्पर्धक उरत नाही, कारण बाकी सगळं तुम्ही घासून टाकलेलं असतं.

मग करायचं काय? आठवड्यातून एकदा पाव भाग, फार तर एक तृतीयांश पाणी बदला. सगळं कधीच नको. पाणी नळीनं तळातून ओढून काढा म्हणजे विष्ठा आणि खाण्याचे तुकडे त्याबरोबर जातात. पारदर्शक नळी घ्या, आत काय चाललंय ते दिसतं. नळी तोंडानं ओढून सुरू करू नका. ती आधी बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून भरून घ्या, दोन्ही टोकांवर अंगठा ठेवा, एक टोक टाकीत, दुसरं खाली ठेवलेल्या बादलीत सोडा. निघालेलं पाणी कुंड्यांना घाला. माझी जास्वंद त्यावरच वाढली आहे.

आता स्पंज. याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो बुडवायचा आणि दोन-तीनदा हलकेच पिळायचा. चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी पाणी निघेल, निघू द्या. स्पंज पुन्हा पांढरा शुभ्र करायचा नाही. तो तपकिरीच राहणार, हाताला जरासा चिकट लागणार, आणि त्याला ओल्या मातीसारखा वास येणार. कुजका वास आला तर मात्र काहीतरी अडकून सडलंय असं समजा. पाण्याचा प्रवाह मंदावला की पिळायची वेळ झाली, एवढी एक खूण पुरते. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच पिळा.

फिल्टर कोणता, याबद्दल माझं मत ठाम आहे. खोक्यावर लिहिलेला आकडा छोट्या माशांसाठी असतो. कासव त्याच आकाराच्या माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, म्हणून टाकीत जेवढं पाणी आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठीचा फिल्टर घ्या. टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर सगळ्यांत चांगला, पण महाग. मी दोन वर्षं घरी केलेल्या फिल्टरवर काढली: झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाला आणि बाजूंना भोकं, आत एक लहान पंप, त्याभोवती जाड स्पंज आणि भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या नव्याकोऱ्या घासण्या ठासून भरलेल्या. घासणीच्या वेटोळ्यांवर जिवाणूंना भरपूर जागा मिळते. साबण लावलेली किंवा तारेची घासणी चालणार नाही. फिल्टर रात्रंदिवस चालू हवा. वाहत्या पाण्यातून मिळणाऱ्या प्राणवायूवर ते जिवाणू जगतात. भारनियमनात बराच वेळ वीज गेली तर कॅनिस्टर उघडून आतलं साचलेलं पाणी फेका आणि मगच चालू करा, नाहीतर ती सगळी सडकी घाण टाकीत येते.

नवं पाणी भरताना क्लोरीनचा विचार हवा. नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवून चोवीस तास जाऊ द्या, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात ते घाला. टँकरचं पाणी असेल तर थेंबच घाला, त्यात ब्लीचिंग पावडर किती टाकली असेल याचा नेम नसतो. पाणी टाकीतल्याइतपतच कोमट असू द्या, थंडीत विशेषतः. स्लायडरला २४ ते २८ अंश पाणी मानवतं.

खाण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण निम्मी घाण तिथूनच सुरू होते. पाकिटातली वाळवलेली कोळंबी पोषणाच्या दृष्टीनं फारशी कामाची नाही आणि पाणी लगेच खराब करते. चांगल्या गोळ्या द्या, सगळ्या मिळून कासवाच्या डोक्याच्या आकाराएवढ्याच, लहान कासवाला रोज आणि मोठ्याला एक दिवसाआड. ते तुमच्याकडे मान लांब करून बघत राहील, पंजे काचेवर आपटेल. ते भुकेचं लक्षण मानू नका, स्लायडर कायमच असं मागत असतात. खाताना बघा: गोळी तोंडात धरून पुढच्या पायांच्या नखांनी ओरबाडतं, अर्धी खातं आणि अर्धी पाण्यात भुगा होऊन पसरते. म्हणून मी चिमीला जुन्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये टाकीतलंच थोडं पाणी घेऊन खायला घालते आणि वीस-पंचवीस मिनिटं तिथेच ठेवते. बऱ्याचदा ती तिथेच शी करते आणि ते सगळं टाकीत जायचं टळतं. काही कासवं अशा हलवाहलवीनं बिथरतात. तुमची खाणंच सोडत असतील तर टाकीतच घाला आणि दहा मिनिटांनी उरलेलं जाळीनं काढून घ्या. मोठी होतील तशी पानं वाढवा: लेट्यूस, गाजराचा पाला. जलपर्णीही ती आवडीनं खातात, पण नदीतून किंवा नाल्यातून आणू नका, बादलीत घरी वाढवलेली असेल तरच द्या.

तळाचे बारीक खडे काढून टाका. त्यांच्या फटीत घाण साठते आणि कासवं ते गिळतात. तळ मोकळा ठेवला की काय साचलंय ते दिसतं आणि नळीनं ओढता येतं. शोभेला हवे असतील तर कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे दोन-चार ठेवा.

टाकी लहान आहे, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीत आठ इंच पाणी भरलं तरी साधारण ३६ लिटर होतं. पाळणाऱ्यांचा ढोबळ नियम असा की कवचाच्या दर इंचाला ४० लिटर पाणी. तुमची दोन-दोन इंचांची असली तरी दीडशे लिटरच्या आसपास हवं, आणि मादी तर दहा-अकरा इंचांपर्यंत वाढते. काचेची मोठी टाकी परवडत नसेल तर जाड प्लॅस्टिकचा मोठा टब घ्या, कासवाला काच लागतेच असं नाही. पाणी जितकं जास्त तितकी घाण पातळ होते. वर बसायला कोरडी जागा आणि तिथे ऊन किंवा यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारा) दिवा हवाच, तो पाण्यासाठी नाही, कवचासाठी.

पाणी हिरवं झालं तर कारण वेगळं: थेट ऊन आणि साठलेलं नायट्रेट. टाकी खिडकीपासून हलवा, दिवा आठ-दहा तासच लावा. शेवाळ मारायला पाण्याचा यूव्ही फिल्टर मिळतो. त्यानं हिरवेपणा जातो, अमोनिया जात नाही. पाणी स्वच्छ पण पिवळसर असेल तर मूत्र आणि विरघळलेली घाण साठलीय, थोडं जास्त पाणी बदला. नवं लाकूड ठेवलं असेल तर त्याचाही रंग उतरतो, त्यानं अपाय नाही. मी फिल्टरच्या वरच्या कप्प्यात मनीप्लांटची फांदी मुळं पाण्यात बुडवून ठेवली आहे, ती नायट्रेट ओढून घेते. पानं आणि मुळं कासवाच्या तोंडाला लागू देऊ नका, ती त्याला बाधतात.

डोळ्यांना दिसतं त्यावर जाऊ नका, एक थेंबांचा अमोनिया किट आणा. किटमधल्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवट झालं तर आहे. माझ्या जुन्या टाकीचं पाणी अगदी नितळ दिसत असताना नळी गडद हिरवी झाली होती. म्हणून सांगते, पाणी निवळलं म्हणजे चांगलं झालंच असं नाही. पहिले सहा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी तपासा. रंग हिरवा आला की त्या दिवशी पाव पाणी बदला, मात्र स्पंजला हात लावू नका. मधे एखादा आठवडा पाणी आतापेक्षाही पांढरट दिसेल. तेव्हा घासायला घेऊ नका, तीच वेळ धीर धरायची असते.

हात मात्र प्रत्येक वेळी साबणानं धुवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो, ती धडधाकट दिसत असली तरी. याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे. टब, स्पंज, नळी काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, आणि लहान मूल घरात असेल तर त्याला टाकीत हात घालू देऊ नका.

तुमची कासवं डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली, म्हणजे स्लायडरच आहेत ना, ते एकदा बघा. पाठीवर चांदणीसारखी नक्षी असलेलं स्टार कासव किंवा आपल्या तळ्या-नद्यांतलं देशी कासव असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाळता येत नाही, वन विभागाशी बोला. आणि स्लायडर असतील तर कितीही कंटाळा आला तरी तळ्यात सोडू नका. मूळची अमेरिकेतली ही जात जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे, ती देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा बळकावते.

कासवांचे डोळे सुजलेले असतील, ती तोंड उघडं टाकून श्वास घेत असतील किंवा पोहताना एका बाजूला कलत असतील, तर पाणी सुधारायची वाट बघू नका, आधी डॉक्टरांकडे न्या. बाकी कवचाची लांबी, फिल्टरवर लिहिलेला आकडा आणि अमोनियाच्या नळीचा रंग कळवा, मग किती पाणी बदलायचं ते नेमकं सांगता येईल.