कलेच्या तासाला गणित घेतात, काय करू?

शाळा सुरू झाली की कलेबद्दलची पत्रे येतात आणि गोंधळ दरवर्षी तोच असतो. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत कला हा विषय नसतो, असे ऐकले. खरे का?

साफ खोटे. प्रगतिपुस्तक उघडा, कलेपुढे श्रेणी लिहिलेली असते.

मुलगी पाचवीत आहे. तिला कला उत्सवात पाठवता येईल का?

नाही. केंद्र सरकारची ही शालेय कलास्पर्धा नववी ते बारावीसाठी आहे.

एक क्लासवाले दहावीला ‘सात गुण हमखास’ म्हणून बरीच फी मागतात. भरावी का?

भरू नका. हे गुण इंटरमिजिएटचे असतात. ती राज्याच्या कला संचालनालयाची चित्रकलेची परीक्षा आहे. तिच्यात अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७, ब ला ५ आणि क ला ३ गुण मिळतात. ‘हमखास’ देणारा क्लासवाला कोण? परीक्षेचा अर्ज शाळेतून जातो, गुणांचा प्रस्तावही शाळाच मंडळाकडे पाठवते. तो वेळेत गेला नाही म्हणून चांगली श्रेणी मिळवलेल्या मुलांचे गुण बुडालेले मी पाहिले आहेत. यंदाचे परिपत्रक आणि मुदत मुख्याध्यापकांना याच आठवड्यात विचारा.

आमच्या वाडीच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक नाहीत. कलेच्या तासाला गणित होते. तक्रार कुठे करू? – एक पालक, जव्हार तालुका

माझा जीव याच प्रश्नात अडकला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक द्यायला सांगतो, पण शाळेचा पट शंभराच्या वर असेल तरच. तुमच्या वाडीचा पट कुठून शंभरावर जाणार? शहरातल्या मुलाचा शाळेतला तास बुडाला तर त्याला कोपऱ्यावर क्लास तरी असतो. वाडीतल्या मुलाकडे त्या तासाशिवाय दुसरे काहीच नसते, आणि नेमका तोच तास ‘अभ्यास मागे पडलाय’ म्हणून काढून घेतात. कला हा अभ्यासच आहे.

अशाच एका शाळेत चौघांत मिळून एक रंगपेटी होती आणि तिच्यातला काळा खडू संपलेला. एका मुलाने तव्याच्या बुडाची काजळी कागदात बांधून आणली आणि बोटाने म्हशीची पाठ रंगवली. शिंगे मात्र त्याने कोरी ठेवली, ऊन पडल्यावर चमकतात म्हणून. त्याला ते कुणी शिकवले नव्हते.

आता मार्ग. आधी गुरुजींशी बोला. चार इयत्ता सांभाळणाऱ्या माणसावर थेट तक्रार ठोकू नका. मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. तिच्यात ७५ टक्के पालकच असतात. कलेचा तास आणि त्याचे साहित्य शाळा विकास आराखड्यात लिहून घ्या. तुमच्याच भागात तांदळाच्या पिठाने वारली रंगवणारी माणसे आहेत. जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवायला बोलवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते. तसा ठराव करा. तरीही काही हलले नाही तर केंद्रप्रमुखांना आणि पुढे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या, आणि पोच घ्या. वर्ष संपेपर्यंत थांबू नका.

शाळेने ठरावीक दुकानातूनच कलेचे किट घ्यायला सांगितले आहे.

सरकारी शाळेत अशी सक्ती चालत नाही. लेखी सूचना मागा आणि ती समितीपुढे ठेवा. पेन्सिल, कोरे कागद आणि साधे खडू यांवर वर्षभराचे काम होते.

मुलगा पानांना तपकिरी रंग देतो. बाई रागावतात. चित्रकला सोडू का?

सोडू नका. त्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नसेल. आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि काय निघाले ते बाईंना सांगा. तोवर घरच्या प्रत्येक खडूवर रंगाचे नाव लिहून ठेवा.