सकाळी रडणारं बाळ आणि संध्याकाळची पाच मिनिटं

“मॅडम, एखादं चांगलं पाळणाघर सुचवा ना,” असं माझ्याकडे सल्ल्याला येणारे आईबाबा म्हणतात. नाव मी कधीच सुचवत नाही. पाळणाघर म्हणजे तिथली मावशी. मावशी बदलली की पाळणाघर बदललं.

ही गोष्ट अशा बऱ्याच आईबाबांची मिळून एक केलेली आहे. बाळ दहा महिन्यांचं. २६ आठवड्यांची रजा संपल्यावर आईने आणखी बिनपगारी रजा काढली होती, तीही संपत आलेली. एका पाळणाघरातून चार दिवसांत काढलं, दुसऱ्यातून सहा दिवसांत. “इतका रडतो की मी नोकरीच सोडावी म्हणते,” असं म्हणून तिने मोबाइलमधली यादी दाखवली. सात पाळणाघरं, प्रत्येकापुढे फी, एसी, सीसीटीव्ही, खेळणी.

“बघायला किती वाजता गेला होतात?”

“अकराला. त्यांनीच वेळ दिली होती.”

“आणि साडेबाराला?”

“तेव्हा मुलांची जेवणं असतात ना,” बाबा म्हणाले.

“म्हणूनच जायचं.”

अकरा वाजता सगळी पाळणाघरं छान दिसतात. जेवण आणि झोप यांच्या मधल्या तासाभरात, दोन बाळं एकदम रडायला लागली की खरं चित्र समोर येतं. रडणाऱ्याला मावशी उचलून घेते की लांबूनच “गप, गप” म्हणते? भरवताना बाळाने तोंड फिरवलं तर थांबते का? टीव्ही चालू आहे का? वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. एका मावशीकडे किती मुलं, ते स्वतः मोजायचं. सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक असं प्रमाण आहे. रांगणाऱ्या बाळांसाठी मला ते फार वाटतं, चारांमागे एक असेल तिथेच मी होकार देते. आणि फीच्या आधी एक प्रश्न: गेल्या वर्षभरात किती मावश्या सोडून गेल्या?

बाथरूममध्येही डोकवायचं. भरलेली बादली उघडी दिसली तर तिथून परत फिरायचं. रांगतं बाळ वीतभर पाण्यातही बुडू शकतं. बाळांना पाठीवर झोपवतात का, उशी-गोधडी तोंडाशी येत नाही ना, डायपर बदलल्यावर हात साबणाने धुतात का, औषध फक्त लेखी सांगितल्यावर देतात का, आणि ठरलेल्या माणसांखेरीज कुणाच्या हाती मूल देत नाहीत ना, हेही विचारायचं. कंपनीत ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. यांच्या कंपनीची सोय होती, पण घरापासून दीड तासावर. दहा महिन्यांच्या बाळाला रोज तीन तास ट्रॅफिकमध्ये बसवण्यापेक्षा घराजवळचं बरं, यावर तिघांचं एकमत झालं.

पण अडचण पाळणाघराच्या निवडीपुरती नव्हती. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “त्याला सोडून निघता कशा?”

“सासूबाई म्हणतात, त्याचं लक्ष नाही असं बघून सटकायचं. म्हणजे रडत नाही.”

“आणि घरी?”

“घरी मला बाथरूमलासुद्धा जाऊ देत नाही. बाहेर बसून दार वाजवत राहतो.”

“तो पहारा देतोय.”

ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे नजर हटली की आई जाते, हे मीच त्याला शिकवलंय.”

या एका वाक्यासाठी तीन भेटी लागल्या आणि ते तिच्या तोंडून आलं, याचं मला फार समाधान आहे. साधारण आठव्या महिन्यापासून आई गेली हे बाळाला नीट कळतं. ती येणार आहे, हे मात्र अनुभवानेच पटतं. निरोप घेऊन गेलेली आई रोज परत आली की ते पटत जातं. न सांगता गेली की बाळ डोळ्यांत तेल घालून बसतं. सासूबाईंचा हेतू चांगलाच होता, रडणं बघवत नाही म्हणून त्या तसं सांगत होत्या. त्यांनाही हे असंच समजावून सांगायचं ठरलं.

मग रुजू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून सुरुवात केली. पहिले दोन दिवस आईने तासभर तिथेच बसायचं, पण बाळाला मावशीने खेळवायचं. तिसऱ्या दिवशी निरोप घेऊन पंधरा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत. झोप सर्वांत शेवटी, कारण अनोळखी जागी डोळे मिटायला सगळ्यात जास्त विश्वास लागतो. पूर्ण दिवस दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस. निरोप रोज एकसारखा आणि अर्ध्या मिनिटाचा: पापी, “खाऊ खाऊन झोपलास की आई येते”, आणि मावशीच्या हातात देऊन निघायचं. दारातून परत वळायचं नाही. आईची जुनी, न धुतलेली ओढणी मावशीकडे. झोपेपर्यंत ती बाळाच्या हातात, झोपला की बाजूला. पहिल्या काही महिन्यांत सर्दी-ताप येत राहतोच, म्हणून दोघांनीही थोड्या रजा शिल्लक ठेवायच्या.

सकाळचं रडणं लगेच थांबणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आई परत आल्यावर मूल काय करतं, याला फार महत्त्व दिलं; माझ्या कामाचा पाया तिथेच आहे. म्हणून आईला संध्याकाळची पाच मिनिटं लिहून ठेवायला सांगितली. बाळ आईकडे झेपावून लवकर शांत होत असेल आणि पुन्हा खेळाकडे वळत असेल तर ठीक चाललंय. तीन आठवड्यांनंतरही ते सुन्न बसून राहत असेल, मावशी जवळ आली की अंग चोरत असेल, झोप किंवा खाणं तुटलं असेल, तर पाळणाघर बदलायचं.

सतराव्या दिवशीची तिची नोंद अशी होती: “सकाळी रडला, चार मिनिटं. संध्याकाळी मला बघून रांगत आला, ओढणी धरून उभा राहिला, मग मावशींना बॉल दाखवायला परत गेला. मी दहा मिनिटं थांबले.”