दवाखाना बंद ठेवून परदेशातील दंतसेवा शिबिराला जावे का?

प्रश्न: मी दंतवैद्य असून माझा स्वतःचा दवाखाना आहे. रस्त्यावरचे आयुष्य मागे टाकून निवारागृहात आलेल्या मुलांसाठी एक संस्था दरवर्षी परदेशात दंतसेवा शिबिर भरवते. पाच महिन्यांनी होणाऱ्या शिबिराला तीन आठवडे जावे, असे मनात आहे. माझी सोळा वर्षांची मुलगीही बरोबर यायचे म्हणते. संस्थेने दाखवलेल्या चित्रफितीत एक मुलगा हसताना दर वेळी तोंडावर हात धरतो. ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. खर्चासाठी आकस्मिक निधी वापरावा की वैयक्तिक कर्ज काढावे?

उत्तर: डॉक्टर, तुम्ही जावे असे मला मनापासून वाटते, मात्र या वर्षी नव्हे, पुढच्या वर्षीच्या शिबिराला, आणि तेही तीनऐवजी दोन आठवड्यांसाठी. निधी मोडणे आणि कर्ज काढणे हे दोन्ही मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही.

तुम्ही पाठवलेले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून तुमचा महिन्याचा घरखर्च १०० एकक धरतो. विमान, राहणे, विमा आणि संस्थेचे शुल्क मिळून तुमचा प्रवास १५० एककांचा आहे आणि तुमच्या पत्रातील हिशेब इथेच थांबला आहे. खरा मोठा खर्च त्यानंतर सुरू होतो. दवाखान्यातून सगळे खर्च वजा जाता तुमच्या हाती महिन्याला १६० एकक येतात आणि जागेचे भाडे, मदतनिसाचा पगार, खुर्ची व क्ष-किरण यंत्राचे हप्ते यांवर ८० एकक जातात. दार बंद असले तरी हे ८० चुकत नाहीत. म्हणजे पूर्ण महिना दवाखाना बंद राहिला तर २४० एककांचा फटका बसतो आणि तीन आठवड्यांचा सुमारे १६५ एककांचा, जो प्रवासखर्चाहूनही जास्त आहे. दोन्ही मिळून ३१५ होतात. मुलीचे ११० त्यात मिळवले की बेरीज ४२५ वर जाते आणि तुमचा आकस्मिक निधी अवघा ४०० एककांचा, म्हणजे चार महिन्यांच्या घरखर्चाइतका आहे.

ज्याचे उत्पन्न स्वतःच्या दोन हातांवर अवलंबून आहे आणि ज्याच्या डोक्यावर यंत्रांचे हप्ते आहेत, त्याच्याकडे किमान सहा महिन्यांची तरतूद असायला हवी, असे मी नेहमी सांगतो. दंतवैद्याचे मनगट किंवा पाठ दुखावली की त्याच दिवशी उत्पन्न थांबते. परतल्यावर भेटींची वही पहिल्याच दिवशी भरलेली नसते हेही गृहीत धरा, आणि ज्यांचे रूट कॅनल अर्धवट आहे किंवा ज्यांच्या तारा दर महिन्याला आवळाव्या लागतात अशा रुग्णांची सोय ओळखीच्या दंतवैद्याकडे लावल्याशिवाय निघता येणार नाही.

कर्जाचा मार्ग मला त्याहून वाईट वाटतो. कर्ज काढून केलेली सेवा परतल्यानंतरही व्याजासह फेडत बसावी लागते, आणि तो ताण पुन्हा जाण्याची इच्छाच मारून टाकतो.

मुलीविषयी लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, कारण तिची ओढ खरी आहे. पण तिच्या ११० एककांना सेवेचा खर्च म्हणता येणार नाही. तो तिच्या शिक्षणाचा किंवा प्रवासाचा खर्च आहे आणि त्याच खात्यात लिहायला हवा. तिथे लागतात ते शिकलेले हात. शिवाय ज्या मुलांनी मोठ्या माणसांना येताना आणि निघून जाताना वारंवार पाहिले आहे, त्यांच्यापुढे लळा लावून निघून जाणारी आणखी एक व्यक्ती उभी करण्याआधी विचार करावा. ती मदतनीस म्हणून जाणारच असेल तर हिपॅटायटिस बीच्या लशीच्या तीन मात्रा साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात, म्हणजे त्या कारणानेही पाच महिन्यांची मुदत अपुरीच आहे.

आता पुढच्या वर्षीचे गणित. तुमची महिन्याची ६० एककांची शिल्लक आहे, त्यातील ३० निवृत्तीसाठी जातात आणि त्यांना हात लावू नये. उरलेले ३० दरमहा आवर्ती ठेवीत टाकलेत तर पुढचे शिबिर १७ महिन्यांनी येईपर्यंत ५१० जमतात. त्यातून आधी २०० आकस्मिक निधीत घालून तो सहा महिन्यांचा करा. मग ३१० उरतात. दोन आठवड्यांच्या शिबिराला प्रवासाचे १५० आणि बंद दवाखान्याचे सुमारे ११० असे २६० लागतील. उरलेल्या ५० एककांविषयी शेवटी लिहितो, कारण मला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेकडून काही गोष्टी लेखी घ्या. त्या देशात उपचार करण्यासाठी तात्पुरती नोंदणी कोण करून देणार आणि पर्यटक व्हिसावर काम करणे तिथे वैध आहे का, याचे उत्तर मोघम आले तर पुढे जाऊ नका. तुमचा व्यावसायिक दायित्व विमा परदेशातील उपचारांना लागू होतो का, हे पॉलिसीच्या कागदात स्वतः वाचा. पुष्कळदा तो होत नाही. सुई टोचण्याची घटना घडली तर एचआयव्हीविरोधी औषधे ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, सुरू व्हावी लागतात. ती शिबिराच्या जागी असणार आहेत का, हेही विचारा.

आणि सर्वांत आधी हे विचारा, की तुम्ही निघून गेल्यावर त्या मुलांना कोण पाहणार? काढलेल्या दाढेच्या जागी ठणका सुरू व्हायचा तर तो बहुधा दोन-चार दिवसांत होतो, आणि तोवर पथक विमानतळावर पोहोचलेले असते. दात किडू नयेत म्हणून त्यांवर लावायचे फ्लोराइड वार्निश तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. म्हणून जी संस्था स्थानिक दंतवैद्याला बरोबर घेऊन हाताच्या अवजारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत वापरते, तिच्याकडे माझा कल राहील. १९८० च्या दशकात टांझानियात आकाराला आलेल्या या पद्धतीला वीज लागत नाही आणि तेच काम तिथला माणूस पुढे चालू ठेवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट व कीड थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. दुसऱ्या औषधाने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण तोंडावर हात धरणाऱ्या मुलाच्या पुढच्या दातांवर ते लावण्याआधी त्याला आरसा दाखवून विचारले जाईल का, हे संस्थेला जरूर विचारा.

ते ५० एकक तुम्ही परतल्यानंतर वर्षभर त्या स्थानिक दंतवैद्याच्या तपासणी-फेऱ्यांसाठी द्या, आणि पैसे देतानाच ठरवून घ्या की प्रत्येक मुलाच्या उपचारांची नोंदवही निवारागृहातच राहील.