पहिला नमुना घेण्याआधी डब्या तपासून घ्या

तुमची पोस्ट वाचली. गरोदर स्त्रियांच्या लघवीत आर्सेनिक, कॅडमियम आणि शिसं मोजायचंय, पुढच्या महिन्यात नमुने घ्यायला सुरुवात, आणि 'सगळे जमले की विद्यापीठाच्या सामायिक प्रयोगशाळेत एकदम पाठवू' असा बेत. त्या शेवटच्या वाक्याशी मी थांबले. मीही अगदी हेच केलं होतं.

एथिक्सची परवानगी, संमतीपत्रं, फ्रीझर हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी फक्त डब्यांबद्दल सांगते.

आम्ही दवाखान्यातल्या नेहमीच्या रंगीत झाकणाच्या डब्या वापरल्या. निर्जंतुक होत्या, म्हणून स्वच्छ असं मी धरून चालले. पण जंतू नसले तरी धातू असू शकतात. लघवीतलं कॅडमियम बहुतेकांत लिटरमागे 1 मायक्रोग्रॅमच्याही खाली असतं. इतक्या कमी पातळीवर झाकणाच्या रंगातून किंवा प्लास्टिकमधून जरासं पाझरलं तरी आकडा फिरतो, आणि ते कॅडमियम डबीचं की बाईच्या शरीरातलं हे आयसीपी-एमएसला, म्हणजे धातू मोजणाऱ्या यंत्राला, कळत नाही. आमच्या काही नमुन्यांत आकडे असेच चढले. तपासायचं कशावरून? अतिशुद्ध पाणी भरून नमुन्यांसोबतच फिरवून आणलेली एकही डबी, म्हणजे फील्ड ब्लँक, आमच्याकडे नव्हती. त्या लॉटच्या कोऱ्या डब्याही संपल्या होत्या. दोन वर्षांचं कॅडमियमचं सगळं काम बाजूला ठेवावं लागलं. बायकांनी पहाटे उठून, आमच्यावर विश्वास ठेवून ते नमुने दिले होते. त्यांना काय सांगायचं, हे मला आजही सुचत नाही.

मी आधी विचारलं नव्हतं असंही नाही. नमुने स्वीकारणाऱ्या कार्यालयाला तीन मेल केले होते, कोणती डबी चालेल म्हणून. तिन्ही वेळा एकच उत्तर: अर्ज भरा, नमुने आले की बघू. माझा प्रश्न आत यंत्रावर बसणाऱ्या तंत्रज्ञ बाईंपर्यंत पोहोचलाच नाही. पुढे त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "त्याच लॉटच्या दहा कोऱ्या डब्या आधी दिल्या असत्या, तर पातळ नायट्रिक आम्ल घालून ठेवून तपासून दिल्या असत्या." एवढंसं काम! अजून राग येतो.

म्हणून माझं ठाम मत: अर्ज मागाहून भरा, आधी यंत्र चालवणाऱ्या माणसाला समोर बसून भेटा. अमेरिकेत एनआयईएचएस या पर्यावरण-आरोग्यावरच्या सरकारी संशोधन संस्थेच्या निधीवर चालणाऱ्या पर्यावरण-आरोग्य केंद्रांत अभ्यासाची आखणी आणि नमुन्यांबाबत मदत करणारा वेगळा विभाग असतो, लोकांशी संवाद ठेवणारा आणखी एक. तुमच्याकडे तसं काही असेल तर पहिली फेरी तिथेच मारा.

आता विषय निघालाच आहे म्हणून. शिशासाठी लघवीवर विसंबू नका, रक्त घ्या, आणि तेही धातूंच्या तपासणीसाठी प्रमाणित नळीत. आर्सेनिकचा नुसता एकूण आकडा फसवतो: मासे खाल्ले की त्यांतल्या आर्सेनोबीटेन या आर्सेनिकच्या प्रकारामुळे तो वाढतो आणि हा प्रकार फारसा विषारी नसतो. आधीच्या तीन-चार दिवसांत मासे खाल्ले का ते विचारा, आणि आर्सेनिकचे प्रकार वेगळे मोजून मिळतील का ते आत्ताच ठरवा, कारण त्यासाठी नमुना लगेच गोठवावा लागतो. लघवी किती पातळ आहे हे धरून आकडे जुळवायला क्रिएटिनिन वापरतात, पण गरोदरपणात ते बदलतं, तेव्हा स्पेसिफिक ग्रॅव्हिटीही (लघवीची सापेक्ष घनता) नोंदवा, आणि ती ताज्या नमुन्यावरच.

माझा अनुभव धातूंपुरताच आहे. थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) किंवा पीफास (न चिकटणाऱ्या लेपांसारख्या वस्तूंतली फ्लोरिनयुक्त रसायनं) मोजणाऱ्यांचे नियम वेगळे. पीफासला तर झाकणातलं टेफ्लॉनचं अस्तरही नडतं. ते त्यातल्या माणसाला विचारा.

तुमच्या डब्या आल्या आहेत का? आल्या असतील तर खोक्यावरचा लॉट नंबर आजच लिहून घ्या आणि त्यातल्या वीसेक कोऱ्या डब्या बाजूला काढून ठेवा.