नव्या भागाची घाई करू नका
भाऊ, ‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेमचे भाग फार लवकर निघतात का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. २००९ ते २०१५ दरवर्षी निदान एक मुख्य भाग आला आणि त्या घाईचे फळ २०१४ च्या ‘युनिटी’त दिसले, काही संगणकांवर पात्राचा चेहराच गायब होऊन नुसते डोळे आणि दात हवेत तरंगत असत. २०१६ मध्ये गेम बनवणारी युबिसॉफ्ट कंपनी नवा मुख्य भाग न काढता थांबली, म्हणूनच २०१७ चा ‘ओरिजिन्स’ एवढा भरीव झाला, असे माझे ठाम मत आहे. तेव्हा कापसाचा चुकारा हाती येताच नवा भाग घेण्यापेक्षा सवलतीत ‘ओरिजिन्स’ घ्या, आणि गावात नेट बरे चालते त्या उत्तररात्री तो डाउनलोडला लावा.