सीबीसी (रक्तपेशी मोजणारी नेहमीची तपासणी) रिपोर्टमधल्या प्लेटलेटच्या आकड्यांवरून स्वादुपिंडाला अचानक सूज आली आहे हे कळू शकतं का?

नाही, निदान त्यावर होत नाही. या आजाराच्या निदानासाठीच्या २०१२ च्या सुधारित अटलांटा निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: पोटाच्या वरच्या भागात तीव्र, बऱ्याचदा पाठीकडे जाणारी कळ, रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडातली पाचक द्रव्यं) नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयवर दिसणारी सूज. प्लेटलेट या यादीत नाहीत.

मग संशोधक त्यांच्या मागे का लागलेत? प्लेटलेट फक्त रक्त गोठवत नाहीत, दाहातही भाग घेतात. शिवाय सीबीसी स्वस्त आणि सगळीकडे होते. त्यातला एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचं सरासरी आकारमान, यावर बरेच अभ्यास झाले, पण निष्कर्ष एकमेकांशी भांडतात: काहींत तो घटलेला, काहींत वाढलेला. यात एक साधी गोम आहे. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत रक्त जितका वेळ पडून राहील तितक्या प्लेटलेट फुगतात, त्यामुळे उशिरा तपासलेला एमपीव्ही उगाचच जास्त दिसतो. यंत्रागणिक फरक पडतो तो वेगळाच. प्लेटलेट आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) यांचं गुणोत्तर आजाराची तीव्रता जोखायला वापरून पाहतात, पण ते कुठल्याही दाहात वाढू शकतं.

प्लेटलेटची संख्या झपाट्याने घसरत असेल तर मात्र डॉक्टर सावध होतात, कारण गंभीर आजारात रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडू शकते.

तेव्हा रिपोर्टमध्ये फक्त एमपीव्ही लाल अक्षरात असेल तर घाबरू नका. तीव्र पोटदुखी आणि उलट्या असतील, तर प्लेटलेट नॉर्मल असल्या तरी लगेच दवाखाना गाठा.